घोड्याची भिंत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला बहुधा वाटत असावं की माणसं तिथे हौसेने जातात. माझी धाकटी जाऊ गेली, कारण तिची मुलगी त्या पायऱ्यांच्या वर कुठल्याशा कागदात अडकून पडली होती. मुलगी घरी आणायची, एवढं एकच काम तिच्यापुढे होतं. ते तिने कसं केलं आणि ते कसं बिघडलं हे मी तिच्या शेजारी बसून पाहिलं आहे, म्हणून मीच सांगते. वकील सांगायला बसला तर नुसती कलमं सांगेल.

धाकटी हॉटेलात खोल्या आवरते. मोठं हॉटेल, लिफ्टलासुद्धा आरसे असलेलं. सकाळी एक पाहुणा जातो, दुपारी दुसरा येतो आणि मधल्या वेळात पहिल्या माणसाला त्या खोलीतून पार काढून टाकायचं, हे तिचं काम. उशीवरचा केस, बेसिनला वाळलेलं टूथपेस्ट, आरशावरचा बोटांचा ठसा, गादीला पडलेला खड्डा, सगळं. त्यांच्यावर एक देखरेख करणारी होती, सगळ्याजणी तिला 'दुर्बीण' म्हणायच्या. ती शेवटी दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, इथे कधी कोणी राहिलं होतं असं वाटतंय का? वाटत नसेल तर खोली पास. एक केस जरी दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून. धाकटीची खोली कधी परत आली नाही, हा तिचा अभिमान होता आणि तिच्याकडे अभिमान धरण्यासारखं दुसरं फारसं नव्हतंही.

ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की आमच्याकडे आली की हातातला चहा संपायच्या आत कप विसळून जागेवर गेलेला असायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिच्यासमोर फार वेळ बसू नका, घडी घालून कपाटात ठेवेल. हॉटेलची दुसरीही एक शिस्त होती. पाहुणा समोरून आला की भिंतीला लागून उभं राहायचं, मान खाली, विचारलं तेवढ्यालाच उत्तर. तीही तिला लागली होती. मोठं माणूस दिसलं की ती भिंत शोधायची.

माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, हा कामापुरता मामा. मुलगी रांगायला लागली तेव्हा बाहेरगावी नोकरी मिळाली म्हणून गेला तो गेलाच. आधी फोन यायचे. मग फोन का जमला नाही याची कारणं यायची. पुढे तीही थांबली. आमच्या घरात त्याचं नाव निघालं की माझा नवरा पंख्याकडे बघायला लागतो.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. पायाला भिंगरी लावूनच जन्मली ती. एका खोलीच्या घरात ती दिवसभरात किती चालत असेल कोण जाणे. पलंगालगतच्या भिंतीवर तिने तेलकट खडूने एक घोडा काढला होता. चांगला तिच्याएवढा उंच, निळा, पाच पायांचा. मी तिला पाय मोजून दाखवले तर म्हणाली, "काकू, एक दमला तर?" मला वाटलं, आता धाकटी फडकं घेऊन येते. पण तिने त्या भिंतीला कधी हात लावला नाही. उलट घोड्याला दर काही दिवसांनी काहीतरी मिळत गेलं, गवत, टोपी, शेजारी एक छोटा घोडा. जगभरच्या माणसांच्या खुणा पुसणारी ही बाई त्या एका भिंतीपुढे हात आखडता घ्यायची. मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, राहू दे वहिनी, एवढं तरी राहू दे.

मग तो दिवस आला. शाळा बंद होती. भिंगरीला सांभाळणाऱ्या शेजारच्या आजींना त्यांच्या मुलाने पहाटेच दवाखान्यात नेलं होतं. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यामुळे मला घर सोडता येत नव्हतं, आणि भिंगरीला माझ्याकडे आणून सोडायचं तर शहराच्या या टोकाला. हॉटेलात कसलीशी मोठी परिषद भरली होती, सगळ्या खोल्या एकाच दिवशी रिकाम्या होणार होत्या. धाकटीने मॅनेजरकडे सुट्टी मागितली. तो म्हणाला, आज नाही आलीस तर उद्याही येऊ नकोस. तिने पोरीपुढे दूध ठेवलं, ब्रेड ठेवला, जेवायच्या सुट्टीत येते म्हणाली आणि बाहेरून कुलूप लावलं.

दूध गार लागलं म्हणून भिंगरीने गॅस पेटवला. भांडं उतरवायचं फडकं पेटलं. लोकांनी धूर पाहिला, कुलूप तोडलं, पोलिसांना बोलावलं. पोरीच्या हातावर एक फोड, बाकी काही नाही. जेवायच्या सुट्टीत धाकटी धावत आली तेव्हा दार सताड उघडं होतं, ओट्यावर पाणीच पाणी होतं आणि भिंगरीला संरक्षणात घेतलं होतं. संरक्षणात हा त्यांचा शब्द. म्हणजे बालगृहात.

चूक होती का? होती. एवढ्याशा पोरीला कुलपात ठेवणं चूकच. मी हे धाकटीच्या तोंडावर म्हणाले आहे आणि अजूनही म्हणते. पण सुट्टी न देणाऱ्या मॅनेजरला कोणी कोर्टात बोलावलं नाही. पळालेल्या बापाचा पत्ता कोणी काढला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी पुस्तकात वाचलं होतं, इथे बघायला मिळालं.

मुलांचं कोर्ट सिनेमातल्या कोर्टासारखं नसतं. एखाद्या शाळेची स्टाफरूम असावी तशी खोली. लांब टेबल, भिंतीवर हसऱ्या मुलांचं पोस्टर, बाहेर बाकांवर आयाच आया. जजबाई हळू आवाजात बोलायच्या, कोणावर ओरडायच्या नाहीत. खरं सांगायचं तर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान उलट काही बोलता आलं असतं. सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. आईचं, पोलिसांचं, शाळेच्या बाईंचं. आणि मग म्हणायच्या, आम्हाला फक्त मुलीचं हित बघायचं आहे. हे हित मात्र त्या स्वतः बघायला जायच्या नाहीत. त्यासाठी कोर्टाच्या चौकशी अधिकारी बाई होत्या. त्या घरी येणार, पाहणार, अहवाल लिहिणार. बाकी सगळं बोलणं वाऱ्यावर, जो काही निकाल लागायचा तो त्या अहवालावर.

मी अर्ज केला होता, पोर माझ्याकडे द्या, मी सख्खी काकू आहे. त्यावर उत्तर आलं, घरात अंथरुणाला खिळलेली वृद्धा आहे, जागा अपुरी आहे. सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, मी मेले की कळवा त्यांना. आम्ही हसलो. दुसरं काय करणार?

बालगृहात आठवड्यातून एकदा भेट मिळायची. एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात बसून सगळं लिहून घेणारी एक मुलगी. पहिल्या भेटीत भिंगरी आईच्या मांडीवरून उतरायलाच तयार नव्हती. घरी कधी, एवढंच विचारत होती. मग म्हणाली, घोडा आहे ना गं? धाकटी म्हणाली, आहे, तो कुठे जातोय. त्याला सांग मी येते, भिंगरी म्हणाली. धाकटीने मान हलवली. परत येताना बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

वकील आम्हाला सरकारने दिला होता. पोरगेलासा, कायम घाईत, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात सँडविच. वाईट नव्हता. चौकशीवाल्या बाई घरी येणार म्हणून कळलं तेव्हा धाकटीने त्याला विचारलं, काय करू? तो चालता चालता म्हणाला, "घर स्वच्छ ठेवा. अगदी नावं ठेवायला जागा नको. बाकी मी बघतो."

त्याने हे दुसऱ्या कुठल्याही आईला सांगितलं असतं तर तिने केर काढला असता, चादर बदलली असती. पण त्याने सांगितलं ते धाकटीला.

बाई यायच्या होत्या त्या दिवशी मी सासूबाईंपाशी नवऱ्याला बसवून लवकर निघाले. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकले. खोली लखलखत होती. चादर अशी ताणलेली की नाणं टाकलं तर उडेल. टॉवेलांच्या सारख्या घड्या, दोन पेले उपडे, त्यांखाली कागद. भिंगरीची बाहुली नाही, चपला नाहीत, आरशावर चिकटवलेल्या टिकल्या नाहीत, दप्तर नाही. आणि पलंगालगतची भिंत पांढरीशुभ्र. ओल्या रंगाचा वास अजून येत होता.

मी म्हटलं, अगं घोडा? ती म्हणाली, "डाग दिसला असता, वहिनी." तिचे डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती. मी पुढे काही म्हणायच्या आत दारावर टकटक झाली. धाकटी भिंतीला लागून उभी राहिली, हात पुढे, मान खाली.

चौकशी अधिकारी बाई सभ्य होत्या, हेही सांगितलं पाहिजे. सगळीकडे नीट पाहिलं. मुलगी कुठे झोपते विचारलं, धाकटी म्हणाली, माझ्याजवळ. खेळणी कुठे आहेत? वर माळ्यावर. कपडे? आवरलेत. मी मधे तोंड घातलं, तर मला हसून म्हणाल्या, आईंना बोलू द्या. आणि आई बोलेना. विचारलं तेवढंच उत्तर. जाताना बाई म्हणाल्या, घर फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही. त्या गेल्यावर धाकटीच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला. म्हणाली, बघा वहिनी, काही म्हणजे काही सापडलं नाही त्यांना. मला बरं वाटत नव्हतं, पण तिचा तो चेहरा बघून मी चहाचं आधण ठेवलं.

तारखेला अहवाल वाचला गेला. घर स्वच्छ, हवेशीर. पुढचं वाक्य मला पाठ आहे. घरात लहान मूल राहत होतं याची एकही खूण आढळली नाही, मुलीच्या वस्तू काढून ठेवलेल्या आहेत, भिंतींना नवीन रंग दिलेला आहे, मुलगी परत येण्याची आईच्या मनाची तयारी दिसत नाही. आणि शेवटी, आई भावनिकदृष्ट्या अलिप्त वाटते.

जजबाईंनी चष्मा काढला. "मुलीच्या वस्तू तुम्ही काढून का ठेवल्यात?"

"आवरलं, मॅडम."

"पण का?"

"तुमच्या बाई यायच्या होत्या म्हणून."

"तुम्हाला मुलगी परत हवी आहे ना?"

"हो, मॅडम."

एवढंच. रडली नाही, टेबलाला डोकं लावलं नाही, मी तिच्यासाठी मरते असं म्हणाली नाही. बाहेरच्या बाकावरच्या दुसऱ्या एका बाईने आत जाऊन असा हंबरडा फोडला होता की शिपाई पाणी घेऊन धावला. तिचं पोर तिला मिळालं. रडण्यावरूनच मिळालं असं मी म्हणत नाही. पण आमची उभी होती मान खाली घालून, जणू टॉवेल बदलू का विचारायला आली आहे. मला तिचा राग आला, वकिलाचा आला आणि त्या शांत आवाजाचा तर सगळ्यांत जास्त आला. मी उभी राहून म्हटलं, अहो, ती हॉटेलात खोल्या आवरते, तिला असंच आवरता येतं. जजबाई म्हणाल्या, ते समजलं, बसा. त्यांना काय समजलं ते त्यांनाच ठाऊक.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. भिंगरीला काही काळासाठी एका पालक कुटुंबाकडे द्यायचं ठरलं. मूलबाळ नसलेलं जोडपं, मोठं घर, खाली झोपाळा. त्यांना शिव्या द्यायची मला फार इच्छा होती, पण माणसं चांगली निघाली. ती बाई भिंगरीला भेटीला स्वतः घेऊन यायची, वेणी घालून, हातात फळ देऊन. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

वकिलाला एव्हाना आपण काय सांगून बसलो ते उमगलं होतं. त्याने धावपळ करून अर्ज दिला आणि एक संधी मिळवली. भिंगरीने एक दुपार आईच्या घरी घालवायची, चौकशी अधिकारी बाईंच्या देखत. मग जजबाई स्वतः मुलीशी बोलणार, तिचं म्हणणं विचारात घेणार. या वेळी त्याने धाकटीला समोर बसवून समजावलं, सगळी खेळणी बाहेर काढा, पसारा दिसला तरी चालेल, दिसलाच पाहिजे. धाकटीने ऐकलं. सगळं खाली काढलं. मी जाऊन पाहते तर बाहुल्या उंचीप्रमाणे रांगेत, चपला पलंगाखाली टाचा जुळवून, पुस्तकं कडेला कड लावून. मी हाताने थोडं विस्कटलं. माझी पाठ वळली की तिने पुन्हा सरळ केलं. तिला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. खडूची नवीन पेटी आणली होती, ती मात्र तिने उघडून पलंगाच्या मध्यावर ठेवली.

भिंगरी आली. नवे बूट दारात काढून बाजूला ठेवले. आईच्या गळ्यात पडली, मला चिकटली, बाहुली उचलली. मला वाटलं, जिंकलो. मग तिची नजर भिंतीवर गेली.

"घोडा कुठे गेला?"

धाकटी तिच्यापुढे खाली बसली. म्हणाली, "पुसला गं राणी. या बाई येणार होत्या ना, म्हणून."

भिंगरीने वर बाईंकडे बघितलं. "तुम्हाला घोडा आवडत नाही?"

"मला आवडतो की," बाई म्हणाल्या. "मी नव्हतं सांगितलं पुसायला." त्यांनी खरं तेच सांगितलं. पण काही खरं बोलणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप घालावंसं वाटतं.

धाकटीने घाईघाईने खडू पुढे केले. नवा काढ, मोठा काढ, पाहिजे तेवढे पाय काढ, अख्खी भिंत तुझी. एका दमात एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. भिंगरीने निळा खडू घेतला, भिंतीजवळ गेली. हात वर केला. आणि तसाच खाली घेतला.

"नको," ती म्हणाली, "घाण होईल."

खडू तिने पेटीत जागेवर ठेवला. मग पलंगाच्या कडेला बसली, बाहुली मांडीवर घेऊन, पाय न हलवता. पायाला भिंगरी लावलेली पोर. उठताना तिने बसल्या जागची चादर हाताने सारखी केली. अगदी आईसारखी. कोपऱ्यात चौकशी अधिकारी बाई लिहीत होत्या.

जजबाई तिच्याशी आतल्या खोलीत बोलल्या. नंतर आदेशात जे आलं तेवढंच आम्हाला कळलं. मुलीचं मत स्पष्ट आहे, तिला सध्याच्या घरी राहायचं आहे. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, तिथे माझी चित्रं फ्रिजवर लावतात, आई पुसते. मुलीच्या हिताचा विचार करता ताबा पालक कुटुंबाकडेच, पुढील आदेशापर्यंत. आईला महिन्यातून एक भेट. जजबाईंनी हे वाचताना धाकटीकडे एकदा पाहिलं. मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटलं असावं. वाईट वाटून घ्यायला कोणाचं काय जातं?

धाकटी बाहेर आली, जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि तिथे रडली. कसली अलिप्त आणि कसलं काय. येणारे-जाणारे थांबून बघत होते. पण तो जिना होता. जिन्यावरचं कोणी लिहून घेत नाही.

ती अजून त्याच हॉटेलात आहे. दुर्बिणीच्या जागी आता तिलाच नेमणार असं म्हणतात. मध्यंतरी एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझ्याने बघवेना. मी ओट्यावरचा चमचा उचलला, म्हटलं, अगं, वरचा रंगच तर आहे, खाली आहे तो अजून. खरवडून काढू. पुढच्या भेटीला तिला सांगू, घोडा आहे म्हणून. आणि मी खरवडायला लागले. पांढरे पोपडे चादरीवर पडत होते आणि पहिल्यांदाच तिने ते झटकले नाहीत. एक कान दिसेल, एखादा पाय दिसेल, म्हणून मी नेटाने खरवडत राहिले.

थोड्या वेळाने तिने माझा हात धरला.

"नका घासू, वहिनी," ती म्हणाली. "खाली काही नाही. आधी पूर्ण पुसला, मगच रंग दिला. मला अर्धवट काम येत नाही."